पायथन लावू की जावा? पहिली भाषा निवडणाऱ्या इंदूरकरांसाठी

बारावीचा निकाल लागला की सुदामानगरातल्या दोन-तीन काकू मला गाठतातच. कधी देवळाबाहेर, कधी भाजीच्या ठेल्यापाशी. प्रश्न ठरलेला: "अगं, आमच्या पोराला पायथन लावू की जावा?" डबा लावावा, शिकवणी लावावी, तशी भाषा लावायची. प्रत्यक्षात लावला जातो तो क्लास. भाषा कुठली हे क्लासवाला ठरवतो, आणि त्याच्याकडे ज्या विषयाचा मास्तर मोकळा असेल तीच भाषा 'सध्या सगळ्यात डिमांडमध्ये' असते.

मी त्यातूनच गेले आहे. २०१६ च्या उन्हाळ्यात बीसीएचं शेवटचं वर्ष संपत आलं होतं. भंवरकुआंजवळच्या एका क्लासमध्ये मी 'फुल स्टॅक'साठी, म्हणजे वेबसाइटची दिसणारी आणि आतली अशा दोन्ही बाजू शिकण्यासाठी, २८,००० रुपये भरले. चार महिन्यांत अकरा विषय झाले, त्यात भर होता अँग्युलरजेएसवर, म्हणजे वेब पानं बांधायच्या जावास्क्रिप्टच्या एका तयार सांगाड्यावर. सप्टेंबरात अँग्युलर २ बाजारात आलं. नाव तेच, आतला सगळा संसार नवा. आम्ही पाठ केलेलं निम्मं तिथे चालतच नव्हतं. पण खरा दणका मुलाखतीत बसला. समोरच्या सरांनी कोरा कागद सरकवला आणि म्हणाले, दहा आकडे आहेत, त्यांतला दुसऱ्या क्रमांकाचा मोठा आकडा शोधायचा, हवी ती भाषा घ्या. मला लॉगिनचं पान बनवता येत होतं, म्हणजे बघून उतरवता येत होतं. तो आकडा मात्र सापडला नाही.

आज विजयनगरातल्या एका छोट्या कंपनीत नव्या मुलांच्या मुलाखती मीच घेते, आणि तोच प्रश्न विचारते. दरवर्षी तेच ते सांगून घसा बसतो, म्हणून एकदा सगळं क्रमानं लिहून काढते आहे.

सुरुवात करण्याआधी जवळ काय हवं

- लॅपटॉप. ८ जीबी रॅम असेल तर काळजी नाही. ४ जीबीवर काय चालतं ते पुढे दुसऱ्या पायरीत.
- व्हीएस कोड हा एडिटर, म्हणजे कोड लिहायचं साधन. फुकट आहे. क्लासवाल्यानं यासाठी पैसे मागितले तर तिथूनच परत फिरा.
- गिटहबवर, म्हणजे कोड ठेवायच्या ऑनलाइन जागेवर, खातं. नाव धड ठेवा. हे खातं पुढे बायोडेटावर जातं, आणि तिथे 'रॉयलकिंग' वाचून आम्ही जरा हसतो.
- कॉलेजच्या ओळखपत्राची स्वच्छ स्कॅन प्रत. विद्यार्थ्यांना काही साधनं फुकट मिळतात, गिटहबचाही तसा पॅक आहे, पण विद्यार्थी असल्याचा पुरावा लागतो.
- दोनशे पानी वही आणि पेन. गंमत नाही, खरंच लागते.

## १. काय बनवायचंय ते एका वाक्यात लिहा

वहीच्या पहिल्या पानावर. "आयटीत जायचंय" हे वाक्य बाद. "बाबांच्या दुकानाची उधारी मोबाइलवर दिसावी", "मंडळाची वेबसाइट करायची", "डेटाचं काम करायचंय", "गेट (एमटेकची प्रवेश परीक्षा) द्यायची आहे" अशी वाक्यं चालतात, कारण त्यांतून भाषा आपोआप निघते.

ब्राउझरमध्ये जे हलतं-डुलतं ते जावास्क्रिप्टवर चालतं, तिथे फारसा पर्याय नाही. डेटा आणि एआयकडे ओढा असेल तर पायथन. अँड्रॉइडसाठी कॉटलिन, गूगलनं २०१९ पासून तिलाच पहिली पसंती दिली आहे. एकाच कोडातून अँड्रॉइड आणि आयफोन दोन्ही साधायचे असतील तर फ्लटर, आणि त्याची भाषा डार्ट. बँका आणि मोठाल्या कंपन्यांच्या जुन्या-नव्या व्यवस्था बहुतकरून जावावर उभ्या आहेत. यंत्रांच्या आतल्या छोट्या चिपांशी खेळायचं असेल तर सी.

गेटवाल्यांसाठी वेगळी सूचना. कॉम्प्युटर सायन्सच्या पेपरात प्रोग्रॅमिंगचे प्रश्न सी भाषेतले असतात. २०२४ पासून सुरू झालेल्या डेटा सायन्स आणि एआयच्या पेपरात पायथन आहे. भलत्याच भाषेत वर्ष घालवून ऐन परीक्षेला सीमधले पॉइंटर शिकायला बसलेली मुलं मी पाहिली आहेत.

आणि सीबीएसईला अकरावी-बारावीत कॉम्प्युटर सायन्स घेतलं असेल तर तुमचं पायथन आधीच सुरू झालंय. नवी भाषा कशाला शोधता? तीच पुढे न्या.

## २. लॅपटॉपला झेपेल का ते बघा

ही पायरी सगळे विसरतात. अँड्रॉइड स्टुडिओला कमीत कमी ८ जीबी रॅम लागते, आणि तेवढ्यावरही तो कुंथतच चालतो. आयफोनचं ॲप रीतसर बनवायचं तर मॅक लागतो, म्हणजे स्विफ्ट या आयफोनच्या भाषेचा विषय बहुतेक घरांत इथेच मिटतो. ४ जीबीच्या जुन्या लॅपटॉपवर पायथन, सी आणि साधी वेब पानं आरामात होतात. पायथनसाठी गूगल कोलॅब आहे. ते ब्राउझरमध्येच उघडतं, काही बसवावं लागत नाही, फक्त इंटरनेट हवं.

नवा लॅपटॉप घेण्यासाठी घरी हट्ट करायचा असेल तर तीन महिने जुन्यावर काम करून मग करा. हट्टाला वजन येतं.

## ३. तीस जाहिराती स्वतः वाचा

यूट्यूबवर 'या वर्षीच्या टॉप टेन भाषा' सांगणारा माणूस बंगळुरूचं किंवा अमेरिकेचं बोलत असतो. तुम्हाला इंदूरचं बघायचंय. नोकरीच्या कुठल्याही साइटवर शहर इंदूर, अनुभव शून्य ते एक वर्ष असं निवडा आणि तीस जाहिराती वाचा. वहीत रकाने पाडा आणि ज्या भाषेचं, फ्रेमवर्कचं (भाषेवर बांधलेला तयार सांगाडा, त्याबद्दल सहाव्या पायरीत) नाव येईल त्यापुढे एक रेघ मारा. दोन तास लागतात. २८,००० रुपयांपेक्षा स्वस्त पडतात.

बघताना एक फरक ध्यानात ठेवा. सुपर कॉरिडॉरवर टीसीएस, इन्फोसिस आहेत. अशा मोठ्या कंपन्या नव्या मुलांना घेताना साधारणपणे तर्क, थोडं कोडिंग आणि बोलणं बघतात. कोडिंगला सी, सी प्लस प्लस, जावा, पायथन यांतली हवी ती भाषा बहुधा चालते, शिकवतात ते नंतर. विजयनगर, पलासिया, क्रिस्टल आयटी पार्क इथल्या लहान कंपन्या परदेशातल्या ग्राहकांची कामं घेतात, आणि त्यांना माणूस महिन्याभरात कामाला लागलेला हवा असतो. त्यामुळे त्यांच्या जाहिरातींत फ्रेमवर्कची नावं धडाधड दिसतील: लारावेल, रिॲक्ट, नोड, वर्डप्रेस. ती यादी बघून घाबरू नका आणि ती सगळी शिकायलाही बसू नका. त्या यादीत खाली कुठल्या भाषा आहेत तेवढं शोधा. लारावेल आणि वर्डप्रेसखाली पीएचपी, रिॲक्ट आणि नोडखाली जावास्क्रिप्ट. नावं पंधरा, भाषा दोन.

पीएचपीला कॉलेजात नाक मुरडतात. मुरडू द्या. तिच्यावर घर चालवणारे भिया मला या शहरात भरपूर माहीत आहेत.

## ४. एकच काम सगळ्या भाषांत करून बघा

निवड दोन-तीन भाषांवर आली की भाषांची वर्णनं वाचत बसू नका. एक काम घ्या. मी सगळ्यांना गणपतीच्या वर्गणीचा हिशेब देते: नाव आणि रक्कम घ्यायची, यादी ठेवायची, बेरीज करायची, नावं क्रमानं लावून छापायची. नावं आणि आकडे मराठीत. प्रत्येक भाषेला एक शनिवार-रविवार द्या. एवढ्यात भाषेचा स्वभाव कळतो.

पायथन. वीस-पंचवीस ओळींत काम होतं. रक्कम '५०१' अशी देवनागरीत दिली तरी ती तिला आकडा म्हणून ओळखते, हे पाहून मला पहिल्यांदा फार बरं वाटलं होतं. अक्षरी मजकुरात आकडा मिळवायला गेलात तर ती थांबते आणि सांगते की हे जमणार नाही. शिकाऊ माणसाला अशी टोकणारी भाषा बरी. कोड कुठून कुठे जातो हे ओळीच्या आधी सोडलेल्या जागेवरून ठरतं, त्यामुळे टॅब आणि स्पेसची भेसळ केलीत की एरर. गीडो व्हान रॉसम यांनी ती १९९१ मध्ये लोकांसमोर आणली, म्हणजे 'नवी' भाषा म्हणतात ती चांगली पस्तिशीच्या घरातली आहे.

जावास्क्रिप्ट. नेटस्केपमध्ये असताना ब्रेंडन आयिक यांनी १९९५ मध्ये दहा दिवसांत तिचा पहिला आराखडा उभा केला, आणि ती घाई अजून जाणवते. फॉर्ममधून आलेल्या अक्षरी '501' मध्ये 251 मिळवा, उत्तर '501251' येतं, तेही गुपचूप. आणि '५०१' देवनागरीत दिलंत तर ती म्हणते हा आकडाच नाही. पण लिहिलेलं लगेच ब्राउझरमध्ये दिसतं, आईला मोबाइलवर दाखवता येतं. हे बळ कमी समजू नका. दुसऱ्या आठवड्यात शिकणं सोडणारी बरीच पोरं त्याच जोरावर टिकतात. आणि हो, जावा आणि जावास्क्रिप्ट यांचं नातं आंबा आणि आंबाडीइतकंच.

जावा. एक ओळ छापायलाही आधी 'क्लास' (शिकवणीचा नव्हे, कोडाचा साचा) आणि 'मेन' (जिथून प्रोग्रॅम सुरू होतो) लिहायची रीत. नव्या आवृत्त्यांनी ती सैल करत आणली आहे, पण तुम्हाला जो कोड वाचायला मिळेल तो जुन्याच थाटाचा असेल. पहिला महिना 'हे कशासाठी?' विचारण्यात जातो. तो काढलात तर पुढे शिस्त अंगी लागते, कारण कुठल्या डब्यात काय ठेवणार हे आधी सांगितल्याशिवाय ती ठेवूच देत नाही.

सी आणि सी प्लस प्लस. सी म्हणजे १९७२ च्या सुमारास बेल लॅब्जमध्ये डेनिस रिची यांनी घडवलेली भाषा. 'मराठी' हा शब्द आपण तीन अक्षरांत वाचतो. पायथन आणि जावास्क्रिप्ट त्याची लांबी ५ सांगतात, कारण काना आणि वेलांटी वेगळी मोजली जाते. सी १५ सांगते, कारण ती थेट बाइट, म्हणजे साठवणीची छोटी घरं मोजते, आणि यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. हे १५ कुठून आलं हे ज्याला खोदून काढावंसं वाटलं, त्यानं सी घ्यावी. ज्याला वैताग आला त्यानं घेऊ नये. दहा घरांच्या यादीत अकराव्या घरात काही लिहिलंत तरी सी बऱ्याचदा अडवत नाही. दुसऱ्याच कुणाचं तरी सामान पुसलं जातं.

इथे एक सापळा आहे. कॉलेजच्या लॅबमध्ये अजून निळ्या पडद्याचं टर्बो सी हे जुनं साधन दिसलं तर परीक्षेपुरतं तिथे लिहा, घरी नव्या कंपायलरवर (कोड यंत्राच्या भाषेत आणणाऱ्या प्रोग्रॅमवर) शिका. टर्बो सीमध्ये साधा पूर्णांक ३२,७६७ च्या पुढे जात नाही. म्हणजे मंडळाची वर्गणी एका रुपयानं त्यापुढे गेली की बेरीज थेट उणे ३२,७६८ दाखवते. खजिनदाराला उत्तर कोण देणार?

नावांची यादी लावताना सगळ्याच भाषा एक चूक करतात, ती जरूर बघा. कोशात ळ हा ह च्या नंतर येतो, म्हणून आधी काशीकर, मग काळे. संगणकाच्या तक्त्यात ळ हा ल च्या शेजारी आहे, म्हणून तिथे काळे आधी. ही चूक दुरुस्त करायची धडपड म्हणजे तुमचं पहिलं खरं प्रोग्रॅमिंग. क्लासमध्ये ही शिकवत नाहीत, पण मुलाखतीत कुणी सांगितली तर मी खुर्ची पुढे ओढते.

## ५. विचारायला माणूस कोण आहे?

दोन भाषा समसमान वाटत असतील तर जिच्यात विचारायला जवळ माणूस आहे ती घ्या. माझ्या मते हे कारण बाकी सगळ्यांपेक्षा मोठं आहे. मावसभाऊ पीएचपीत काम करतो, रविवारी पोह्यांवर तुमचा कोड बघायला तयार आहे, तर पीएचपी घ्या. यूट्यूबवरचा जगातला सर्वोत्तम शिक्षक तुमची चुकलेली चौथी ओळ बघू शकत नाही.

माणूस नसेलच तर मराठीतून ऐकायची एक चांगली सोय आहे: आयआयटी मुंबईचा स्पोकन ट्युटोरियल प्रकल्प. बऱ्याच विषयांचे छोटे व्हिडिओ मराठीत आहेत, फुकट आहेत. एनपीटीईएलचे आयआयटीतल्या प्राध्यापकांचे कोर्सही फुकट बघता येतात, फक्त प्रमाणपत्राच्या परीक्षेची फी असते. प्रमाणपत्र नकोच असेल तर तीही वाचली.

## ६. फ्रेमवर्कला थांबायला सांगा

फ्रेमवर्क म्हणजे बांधून तयार सांगाडा: जँगो पायथनचा, लारावेल पीएचपीचा, स्प्रिंग जावाचा. रिॲक्टला त्याचे कर्ते लायब्ररी म्हणतात, पण जाहिरातींत ते याच रांगेत बसतं. सांगाड्यात राहायला मजा येते, पण भिंत कुठे तोडायची नाही हे कळायला विटा ठाऊक हव्यात. शिवाय फ्रेमवर्क म्हातारी होतात. मी शिकलेल्या अँग्युलरजेएसचा अधिकृत आधार २०२१ च्या अखेरीस थांबला. तेव्हा चाचपडत शिकलेली जावास्क्रिप्ट मात्र मी आजही रोज लिहिते.

पुढची चार कामं न बघता जमली की खुशाल फ्रेमवर्क उघडा:

- तो दुसरा मोठा आकडा, कागदावर. सगळे आकडे सारखे असले तर काय, यासकट.
- वर्गणीची यादी फाइलमध्ये साठवणं आणि दुसऱ्या दिवशी तिथून परत उचलणं.
- दुसऱ्यानं लिहिलेल्या पन्नास ओळी वाचून काय चाललंय ते मोठ्यानं सांगणं. मराठीत सांगा. इंग्रजीत सांगताना माणूस न कळलेलं सहज लपवतो.
- गिटवर, म्हणजे कोडातल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनावर, रोजचा बदल नोंदवणं.

या सोबत एसक्यूएल हळूहळू सुरू करा. भाषा कुठलीही घ्या, माहिती साठवायच्या जागेशी बहुधा एसक्यूएलमधूनच बोलावं लागतं, आणि ती १९७० च्या दशकापासून टिकून आहे.

## ७. क्लासला पैसे देण्याआधी

क्लास वाईटच असतात असं नाही. घरी बसून न होणारी गोष्ट वेळेच्या बांधणीत होते. पण भंवरकुआं चौराह्यावर जितके बोर्ड आहेत तितकी आश्वासनं आहेत, म्हणून:

डेमोला जो शिकवतो तोच पुढे शिकवणार का, हे विचारा. माझ्या वेळी डेमो एका सरांचा होता आणि बॅच दुसऱ्याची, जे आमच्यापेक्षा दोनच वर्षांनी मोठे होते. आधीच्या बॅचची मुलं स्वतः शोधा. क्लासनं दिलेला नंबर घेऊ नका. फी परत मिळण्याची अट लेखी घ्या आणि पावती उलटून मागची बाजूही वाचा. माझ्या पावतीच्या मागे बारीक अक्षरात 'फी किसी भी स्थिति में वापस नहीं होगी' होतं, ते मी घरी आल्यावर वाचलं. 'सोप्या हप्त्यांत' म्हणाले तर कागद कुणाचा आहे ते बघा. कधी कधी ते तुमच्या नावावरचं फायनान्स कंपनीचं कर्ज असतं, आणि क्लास सोडला तरी हप्ता सुटत नाही. मूळ गुणपत्रिका कुणाकडेही जमा करायची नाही. 'शंभर टक्के प्लेसमेंट' हे शब्द पावतीवर लिहून द्या म्हणावं, आणि चेहरा बघावा.

## ८. पहिल्या महिन्यातले खड्डे

विंडोजवर पायथन बसवताना पहिल्याच पडद्यावर 'पाथ'मध्ये (विंडोज प्रोग्रॅम शोधते त्या जागांच्या यादीत) घालायची छोटी चौकट असते. तिथे टिक करायचं राहिलं की पुढे 'पायथन सापडत नाही' असा संदेश येतो आणि लोक लॅपटॉपला दोष देतात.

जुने व्हिडिओ ओळखायला शिका. प्रिंटनंतर कंस नसेल तर ते पायथन २ आहे. त्याला १ जानेवारी २०२० रोजी निरोप देऊन झालाय.

सरावाच्या फाइलला वापरायच्या मोड्यूलचंच (आयत्या कोडाच्या फाइलचंच) नाव देऊ नका. रँडम शिकताना फाइलचं नावही रँडम ठेवलं, तर पायथन तुमचीच फाइल उघडून बसते. यावर मी एक अख्खी रात्र घालवली आहे.

चॅटजीपीटीसारख्या साधनांकडून पहिले तीन महिने तयार कोड घेऊ नका. एररचा अर्थ विचारा, तुमच्या ओळीत काय चुकलं ते विचारा. लिहायचं आपल्या हातानं. मुलाखतीत कोऱ्या कागदासमोर ते सोबतीला नसणार.

आणि भाषा बदलायची हुक्की येईल, साधारण पाचव्या आठवड्यात. लूप आणि फंक्शन झालेली असतात, पुढे अवघड लागतं, आणि शेजारच्या मित्राची भाषा सोपी वाटायला लागते. सहा महिने हलू नका. घरी मराठी, गल्लीत हिंदी, कॉलेजात इंग्रजी बोलणाऱ्या इंदूरच्या पोराला दुसरी भाषा जड जात नाही हे मान्य, पण आधी एक तरी पक्की हवी.

## ९. अडलात तर असं विचारा

मोबाइलनं काढलेला स्क्रीनचा तिरका फोटो आणि खाली 'ताई, चालत नाहीये' एवढंच पाठवू नका. एरर पूर्ण कॉपी करा, शेवटची ओळ आधी वाचा, कारण पायथनमध्ये मुद्दा तिथेच असतो. मग चार गोष्टी लिहा: काय करायचं होतं, काय लिहिलं, काय व्हायला हवं होतं, काय झालं. हे लिहिता लिहिता निम्म्या वेळा उत्तर स्वतःलाच सापडतं आणि मेसेज पाठवायची गरज राहत नाही. उरलेल्या निम्म्या वेळी पाठवा. फक्त रविवारी सकाळी दहाच्या आधी नको, तेव्हा मी पोह्यांच्या रांगेत असते.